चढावरचे दोन शब्द

बापाच्या वर्षाला पोरगा चड्डीवर! तीही अशी अंगाला चिकटलेली, की कमलाबाईंनी मान दुसरीकडं वळवली.

“धम्मा, आज तरी उतर त्या घोड्यावरून.”

“आई, सगळे जॉइन झालेत गं. मध्येच सोडलं की मागं पडतो. माझी वेळ आली की हात कर, थांबतो.”

थांबतो म्हणे. कमलाबाई सकाळपासून पांढरं पातळ नेसून तयार होत्या. सुनेनं, एकतानं, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, मनोहररावांच्या फोटोला हार घातला आणि समोर स्टुलावर टॅब उभा केला. टॅबमध्ये गावचा, परतूरचा विहार. सगळी भावकी सतरंजीवर येऊन बसलेली.

आणि इकडं, टॅबला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, धम्मानंद मोठा पंखा लावून सायकल मारत होता. सायकलीला मागचं चाक नव्हतं. ती एका लोखंडी ठोकळ्यावर जखडलेली. समोर टीव्हीवर फ्रान्समधला रस्ता. ऑफिसातले सोबती इथल्याच परदेशी शहरात कोणी सेम्बावांगला, कोणी बुकित तिमाहला, असेच आपापल्या घरात घाम गाळत होते. टीव्हीवर मात्र सगळे एका ओळीत चाललेले. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यावर खरोखर जायचं होतं, त्याची ही तयारी. गावाला जायला रजा नव्हती. फ्रान्सला निघाली. आणि ‘वर्षाला माझा धम्मा येणार’ असं कमलाबाई भावकीत केव्हाच सांगून बसल्या होत्या. त्याच्याशिवाय एकटीनं जाऊन काय तोंड दाखवायचं? मग त्याही राहिल्या.

त्यांनी टीव्हीकडं पाहिलं. डोंगर, अंधारून आलेली दाट झाडी, तिच्यातून वर चढत जाणारा एक अरुंद रस्ता. शेवाळलेला कठडा. खिडक्या लावून घेतलेली चार घरं. एक पांढरी गाय. सायकलवाले सोडले तर माणूस औषधाला नाही.

“तिथली माणसं मेली का सगळी?”

“तेच तर हवंय, आई. गाडी नाही, गर्दी नाही. किती शांत आहे बघ.”

“आपल्या विहारात काय बँड वाजतो?”

धम्मानंदनं गिअर बदलला. रस्ता वळला होता, त्याकडं त्याचं लक्ष.

टॅबमधून धाकटे दीर जगदीश बोलले. “जय भीम, वहिनी. धम्मा दिसेना तो?”

“जय भीम, भाऊजी. इथंच बसलाय की, माझ्या बाजूला.”

खोटं नव्हतं ते.

“अन् घरघर कसली येतेय?”

“पंखा आहे.”

वंदना सुरू झाली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. कमलाबाईंचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, पण कान कोपऱ्यात. टीव्हीवरचा रस्ता उभा झाला असावा. पॅडलचा आवाज जड झाला, आणि त्यावरून धम्मानंदचा श्वास ऐकू यायला लागला.

एकेक जण उठून मनोहररावांविषयी बोलला. विहाराच्या छपराचे पत्रे त्यांनी स्टँडपासून डोक्यावर आणले होते, ते एकानं सांगितलं. ट्रकवाल्यानं ऐन वेळी नकार दिला म्हणून. माना हलल्या. मग जगदीश म्हणाले, “आता धम्मा. बोल बाळा, दोन शब्द बोल बापाविषयी.”

कमलाबाईंनी हात केला. उतर.

धम्मानंदनं एक बोट वर केलं. एकच मिनिट. नजर टीव्हीवर, ओळ पुढं सरकत होती आणि त्याच्यात नि तिच्यात फट पडत होती. तो सीटवरून उठला आणि उभ्यानंच पॅडल रेटत ओरडला, “बाबा...”

श्वास.

“बाबा माझे...” पुन्हा श्वास, तुटलेला, घशातून घुसमटून निघालेला. “माझ्यासाठी... बाबांनी...” पुढं नुसती धाप.

 विहारात मागच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. तिचं पाहून शेजारणीनं. जगदीशनी चष्मा काढला.

“राहू दे बाळा, राहू दे. नको बोलूस. वहिनी, पाठीवरून हात फिरवा त्याच्या.”

सगळी भावकी कमलाबाईंकडं बघत होती. एकता जमिनीकडं.

कमलाबाई उठल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या. धम्मानंदची पाठ घामानं निथळत होती, खालीवर होत होती. त्यांनी हात उचलला. तसाच खाली घेतला. परत येऊन टॅबसमोर बसल्या.

“सावरलं त्याला,” त्या म्हणाल्या.

साधू, साधू, साधू झालं. तिकडं खिरीची पातेली उघडली. एकतानं टॅब मिटला.

टीव्हीवर झाडी संपली. रस्ता माथ्यावर पोचला, दूरवर निळे डोंगर उघडले. धम्मानंदनं पॅडल सोडलं, टॉवेलनं तोंड पुसलं.

“आई, सुटला नाही ग्रुप! काका काय म्हणत होते शेवटी? पंख्यात ऐकूच आलं नाही मला.”

“म्हणाले, पोराला फार लागलंय बापाचं. रडत होते सगळे.”

टॉवेल तोंडावरच राहिला.

कमलाबाईंनी फोटोवरचा वाकडा झालेला हार सरळ केला, आणि मागं न बघता म्हणाल्या,

“माझ्या वेळेला सपाट रस्ता घे, धम्मा. दोन शब्द तरी निघतील तोंडातून.”