चौथी मुदतवाढ

खांबेटेकाकांनी रागावर ताबा मिळवण्याचं पुस्तक वाचनालयाच्या टेबलावर आपटलं. "चौथ्यांदा मुदतवाढ का नाही?"

"तीनदाच मिळते, काका," ग्रंथपाल मेघना म्हणाली. "आणि पुढचा नंबर लागलाय, पण..."

"पण काय? अठ्ठावन्न पानं झालीत माझी! माणूस जरा सुधारायला लागला की तुम्ही लोक त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेता!"

पेपर चाळणारी मंडळी चष्म्यावरून बघू लागली. काकांना पान बारा आठवलं: राग आला की दहापर्यंत मोजा. ते तीनपर्यंत आले आणि मागणीचं रजिस्टर त्यांनी स्वतःकडे ओढलं. "बघू तरी, कोण शहाणा आहे तो!"

शेवटच्या ओळीत ओळखीचं, तिरकं अक्षर होतं. सौ. कुमुद खांबेटे.

काकांचा आवाज एकदम उतरला. "हिला कशाला? हिला कुठे राग येतो?"

"काकूंना वाचायचं नाहीये," मेघना म्हणाली. "तुमच्या मुदती संपल्या तरी पुस्तक घरातच राहू दे, म्हणाल्या. तुम्ही ते वाचत बसता तेवढा तासभर घरात शांतता असते."

बोटांवर मोजत काका आयुष्यात पहिल्यांदाच दहापर्यंत पोचले.

"लिही मग हिच्या नावावर," ते म्हणाले आणि पुस्तक हळूच पुढे सरकवलं.