वीस मिनिटांची दाढी

"चूक," खुर्चीतला म्हातारा म्हणाला. "नोहाने आधी कबुतर नाही सोडलं. आधी कावळा."

न्हाव्याने वस्तरा वर उचलला. आरशाखाली ठेवलेल्या फोनमधून बायबलचे धडे देणारे सर महापुराची, नोहाच्या तारवाची गोष्ट रंगवून सांगत होते.

"काका, सर चुकतील होय?"

"बघ काढून."

न्हाव्याने हात पुसले, पावडरच्या डब्यामागून बायबल काढलं आणि बोटाने ओळी चाचपत गेला. कावळाच होता.

"कमाल आहे," तो जरा नाराजीनेच म्हणाला.

"माणूसच ना तो," म्हातारा म्हणाला. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला होता. उरली होती ती कागद चुरगळल्यासारखी कुजबुज. वस्तरा चालू असला की न्हाव्याला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे.

धडा रोज वीस मिनिटांचा, रविवार सोडून. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं बायबल सहा वर्षांत. कुणीतरी जुन्या कॅसेटींवरून ते फोनवर चढवलं होतं. सर स्वतःचं नाव कधी सांगत नसत. "बसलात का? उघडा मग," एवढं म्हणत आणि सुरू होत. न्हावी चौथीत शाळा सोडून दुकानात उभा राहिलेला. एवढं जाडजूड पुस्तक आपल्याच्याने वाचून व्हायचं नाही, हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं. पण ऐकायला काय जातंय? दुकानामागच्या खोलीत बायको भाजी चिरता चिरता पडद्याआडून ऐकायची.

म्हातारा गल्लीत नवा होता. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत एकटाच राहायचा. एकदा सहज दाढीला आला, धडा चालू होता, तो बसूनच राहिला. मग रोज त्याच वेळेला यायला लागला.

"गालावर मोजून चार केस, आणि रोज दाढी?" बायको म्हणाली. "ते हरकत घ्यायलाच येतात." तिने त्याचं नावच हरकतराव ठेवलं.

खरंच होतं ते. सरांनी घाई केली की हरकतराव मान हलवायचा. सरांनी विनोद केला की म्हणायचा, "पाणचट." न्हावी सरांची बाजू घेऊन भांडायचा. दाढी त्यामुळे बरोबर वीस मिनिटं चालायची.

दुसऱ्या वर्षी शमशोनाची गोष्ट आली. बाईच्या मांडीवर तो झोपला, तिने एका माणसाला बोलावून त्याचे केस कापून घेतले, असं सांगून सर पुढे सरकले.

"अरेच्चा!" न्हावी म्हणाला. "अख्ख्या गोष्टीत आमचा एकच माणूस, त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही? झोपलेल्या पैलवानाच्या सात बटा उतरवल्या आणि त्याला जाग आली नाही! काय हात असेल हो त्याचा!"

हरकतराव इतका हसला की साबणाचा फेस कानात गेला. "हे कुणालाच सुचलं नव्हतं," तो डोळे पुसत म्हणाला. दोन-तीन दिवस मधूनच आठवून हसायचा.

तिसऱ्या वर्षी बायको पोटाच्या दुखण्याने इस्पितळात गेली. डॉक्टर धड काही सांगेनात. नेमका त्याच आठवड्यात ईयोब आला. मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गमावून राखेत बसलेला माणूस.

"दुःख ही देवाची शाळा आहे," सर खणखणीत आवाजात म्हणाले. "तक्रार करणारा विद्यार्थी नापास होतो."

न्हाव्याचा हात थांबला.

"बंद कर ते," हरकतराव म्हणाला. "मूर्ख आहे तो. त्याच्या घरातलं अजून कुणी गेलेलं नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"आवाजावरून कळतं. पस्तिशीतला असेल. त्या वयात प्रत्येक गोष्टीचं उत्तर तोंडावर असतं."

त्या दिवसापासून फोन मुका झाला. हरकतराव मात्र येत राहिला. न्हाव्याला इस्पितळात पळायचं असलं की बाकावर बसून दुकान सांभाळायचा, आणि त्याची कुजबुज ऐकायला गिऱ्हाइकं वाकून उभी राहायची. देवाबद्दल चकार शब्द बोलला नाही. फक्त एकदा विचारलं, "जेवलास का?"

महिन्याने बायको घरी आली. निम्मी झाली होती, पण धोका टळला होता. दुसऱ्या सकाळी न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता, तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला.

"अहो, त्या ईयोबाचं पुढे काय झालं?"

न्हाव्याला फोनचं बटण सापडेना. हरकतरावानेच ते दाबलं.

वर्षं सरली. बायकोच्या अंगावर पुन्हा मांस आलं. न्हाव्याच्या बायबलात पानोपानी गिऱ्हाइकांचे बारीक केस अडकले. आता सरांचं वाक्य संपायच्या आधीच तो स्वतःचं मत सांगायचा, आणि हरकतराव बऱ्याचदा त्याच्या बाजूने व्हायचा.

शेवटच्या धड्याच्या दिवशी बायको केस विंचरून बाहेर बाकावर येऊन बसली. न्हाव्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"सरांना पत्र लिहिलंय, काका. पत्ता नाही, पण लिहिलंय."

"वाच."

"'सर, तुम्ही आमच्या घरात सहा वर्षं होता. कधी भांडलो, कधी तुमचं तोंड बंद केलं, राग मानू नका. आता तुमचं वय झालं असेल. तब्येतीला जपा. जवळपास कुठे असाल तर दाढीला या.'"

 हरकतरावाने डोळे मिटून मान मागे टाकली. न्हाव्याने फेस लावला.

फोनमध्ये सर शेवटच्या ओळीपाशी आले. "सर्वांवर कृपा असो," ते म्हणाले, आणि आवाज अडकला. एक खोकला, दुसरा खोकला, मग शांतता.

"ठसका लागला बिचाऱ्यांना," बायको म्हणाली.

"ठसका नव्हता तो," हरकतराव डोळे न उघडता म्हणाला. "रडू आलं होतं मला."