उपासाचा खोकला

"वरच्या खोल्या झाल्या. आता स्वयंपाकघर," नोकोस शिपाई म्हणाला.

व्हायनीमावशी दार अडवून उभी होती, ती नाइलाजाने बाजूला झाली. हार्जोच्या शेतात गुलाम म्हणून राबून सुटल्यावर अमेरिकेतल्या क्रीक आदिवासींच्या मुलखात, नदीकाठी, तिने ही खानावळ उभी केली होती. झडतीला ती कधी भ्यायली नव्हती. आज भ्यायली होती.

अंगणातल्या मक्याच्या कोठीत तिची धाकटी बहीण रोडा लपली होती. गुलामी उठून वर्ष झालं तरी हार्जोने तिला सोडलं नव्हतं. परवा ती त्याच्याच खेचरावरून पळाली आणि तापाने फणफणत इथवर पोहोचली. खेचर नदीकाठी सापडलं. चोरीला पन्नास फटके, आणि तेवढे सोसण्याचं रोडाच्या अंगात बळ नव्हतं.

आज हिरव्या मक्याचा सण. गावातली एकूणएक चूल विझवलेली, सगळ्यांना उपास. दुपारी मैदानातून नवा विस्तव घरी आला की खून सोडून वर्षाचे सगळे गुन्हे माफ. तोवर निभवायचं होतं.

"अरे, कोठी बघ की!" फाटकातून हार्जो ओरडला.

"बघतो, काका. उपासाने पाय उचलत नाहीत."

नोकोसने गार हंड्यांत डोकावून पाहिलं. एकाच खाटेखाली दोनदा वाकला. मग सरळ जाऊन कोठीच्या पायरीवर बसला, दाराला पाठ टेकून. मेल्याला कळलंय, खेळवतोय, व्हायनीला वाटलं.

"मावशी, तुला बहीण होती ना गं?"

"हार्जोकाकांना विचार. त्यांच्याकडेच ठेवलीय."

तो हसला आणि खोकला. थोड्या वेळाने पुन्हा, मोठ्याने.

"आत चल, मध देते," त्याला तिथून उठवायला ती म्हणाली.

"उपास मोडायला लावतेस?"

तिने वाटी आणलीच. ती पायरीवर तशीच राहिली.

"उघड ना ते दार!" हार्जो चालून आला.

"उठतो, काका. जरा दम..." नोकोसला अशी ढास लागली की हार्जो नाक दाबून मागे सरला.

तेवढ्यात मैदानातून आरोळी उठली. शेजारीण जळतं लाकूड घेऊन धावत आली आणि व्हायनीच्या चुलीत विस्तव पडला. हार्जो थुंकला, खेचर ओढत निघून गेला.

व्हायनी कोठीच्या पायरीपाशी आली. "ऊठ आता, शिपाया. आता तुला काही करता यायचं नाही."

नोकोस उठला, मागची धूळ झटकली आणि वाटी तिच्या हातात दिली.

"हा मध आत दे. फार खोकतेय ती," तो म्हणाला. "मला कुठला आलाय खोकला?"