भलरीची झील

इंग्रजी गाणी लिहून लिहून हरिहरचं मन विटलं होतं. आता अल्बम करायचा तो गावाकडच्या भलरीचाच, असं ठरवून त्यानं परदेशातल्या नीउ-व्हेनेप गावच्या घरात, माळ्यावरच्या खोलीत, मुख्य ओळी स्वतः गायल्या. पण भलरी काही एकट्याची नसते. एकानं ओळ टाकायची आणि कापणीला वाकलेल्या बाकीच्यांनी झील धरायची. म्हणून प्रत्येक ओळीपुढं जागा मोकळी सोडून त्यानं रेकॉर्डिंग वडिलांना पाठवलं. "आबा, भावकीतली चार माणसं गोळा करा आणि एकेकाचा आवाज मोबाइलवर धाडा."

आठवड्यानं आवाज आले. नाकात गाणारे दगडूतात्या, उंच पट्टीतली सरूकाकू, कायम अर्धी मात्रा मागं राहणारा बापू. माणसं अगदी जशीच्या तशी! हरिहरला भरून आलं. मग तो मिक्सिंगला बसला. प्रत्येक आवाजाच्या शेवटी तोच, एकाच गळ्यातला कोरडा खोकला होता. दगडूतात्यांचा काढला, सरूकाकूचा काढला, आणि बापूच्या खोकल्याशी त्याचा हात थांबला.

त्यानं फोन लावला. "आबा, सगळे जमले होते ना?"

"जमले होते की! बांधावर बसायला जागा नव्हती," आबा म्हणाले, आणि तसंच कोरडं खोकले.

सगळ्यांचे आवाज आबांनी एकट्यानंच काढलेत हे ओळखून हरिहरनं तो विषय सोडून दिला. "फार छान गायलेत सगळे. सांगा त्यांना."

"सांगतो," आबा म्हणाले, पण फोन काही ठेवेनात.