अठ्ठावीस लिटरचा फोटो

“ही कास खरी हाय का मोबाईलात फुगवलीय?”

हौसरावांनी पिकअपमधून उतरल्या उतरल्या हेच विचारलं. रामराम नाही, पाणी नाही. हातातल्या मोबाईलवर बन्सीच्या गाईचा फोटो होता. पिवळ्याधमक अक्षरांत ‘२८ लिटर’ आणि कासेकडं रोखलेला लाल बाण.

हा फोटो केला होता बन्सीच्या पोरानं, संघर्षनं. गाई-म्हशी विकायचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका चॅनलसाठी तो न्हावऱ्यात घरी बसून थंबनेल बनवायचा. थंबनेल म्हणजे व्हिडिओच्या तोंडावरचा फोटो. तो बघून माणसाचं बोट थांबलं पाहिजे, नाहीतर व्हिडिओ बघतंय कोण? या वेळी मात्र गाय घरचीच होती. त्याच्या बहिणीचा, सीमाचा, नर्सिंगला नंबर लागला होता. बुधवारपर्यंत दौंडला फी भरली नाही, तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

“आप्पा, बाण तेवढा माझा. कास गाईचीच हाय,” संघर्ष म्हणाला.

“समदे असंच म्हणत्यात.”

खुटबावचे हौसराव म्हणजे दुधानं तोंड पोळलेला माणूस. ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. त्यांनी गाईचे दात बघितले, चारी सड दाबून बघितले, मग पाठीमागं जाऊन उगाच शेपूट उचलून बघितली. दोन धारा डोळ्यांदेखत काढल्याशिवाय गाय घ्यायची नाही, हा तर रिवाजच. पण या बाबानं मापाची बादलीसुद्धा स्वतःची आणली होती. सकाळची धार पंधरा लिटर भरली.

“काल पेंड जादा चारली आसंल,” हौसराव म्हणाले.

बन्सीची बायको जाईबाई तडकली. आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, “आपण काय चोर हाय का? कवापासून ऐकून घेतीया मी.”

“बघू दे की. खऱ्याला कशाचं भ्या?” बन्सी म्हणाला.

दुसऱ्या धारेला अजून वेळ होता. जेवण झाल्यावर हौसराव संघर्षच्या लॅपटॉपपुढं मांडी घालून बसले. म्हणाले, मूळ फोटो काढ. संघर्षनं मूळ फोटो आणि थंबनेल शेजारी शेजारी लावून दाखवलं. फरक होता तो बाणाचा, अक्षरांचा आणि थोड्या उजेडाचा.

“फोटोवरचा आकडा बदलता येतो का रं?”

“येतो की. लय सोपं हाय.”

“मग माझ्यासारख्या अडाण्यानं खोटं वळखायचं कसं?”

संघर्षला बरं वाटलं. त्याच्या कामाला गावात कुणी काम म्हणत नव्हतं. हा माणूस संशयानं का होईना, विचारत तरी होता. त्यानं हातचं काही राखलं नाही. नवा घातलेला आकडा मूळच्यापेक्षा जाडा पडतो. कडांना धुरकट दिसतं. मागचा रंग एवढासा वेगळा पडतो. फोटो मोठा केला की चोर घावलाच. हौसरावांनी चष्मा पुसून एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली.

संध्याकाळची धार बरोबर तेरा लिटर भरली. हौसराव दिवसात पहिल्यांदा हसले. एक लाख दहा हजारांवर सौदा ठरला. गोठ्याच्या कडेला बसून त्यांनी बराच वेळ मोबाईल चिवडला आणि पैसे पाठवल्याची पावती संघर्षच्या मोबाईलवर टाकली.

“नीट बघून घे पोरा. रविवार हाय, बँकेचा मेसेज उद्या येईल. गाय ऱ्हाऊ द्यायची आसंल तर ऱ्हाऊ दे, मी उद्या पुन्हा येतो.”

संघर्षनं पावती बघितली. वडलांचं नाव, खातं, रक्कम, हिरवी खूण. सगळं जागच्या जागी होतं. खरं तर बघतानासुद्धा त्याला ओशाळल्यासारखं झालं.

“बरोबर हाय, आबा,” तो वडलांना म्हणाला.

“न्या मग,” बन्सी म्हणाला. जाईबाईनं गाईला भाकरी चारली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. पिकअप वळणाआड गेल्यावर बन्सी म्हणाला, “किटकिट लय केली, पर माणूस चोख हाय. इतकं बघून घेणारा माणूस लबाड नसतो.”

सोमवारी खात्यात काही जमा झालं नाही. मंगळवारीही नाही. हौसरावांचा फोन बंद लागत होता. बन्सी मोटरसायकलवर खुटबावला जाऊन आला. त्या नावाचा आणि तशा चेहऱ्याचा माणूस तिथं कुणालाच माहीत नव्हता. सीमा भिंतीकडं तोंड करून निजली होती, जेवायला उठली नाही.

संघर्षनं ती पावती लॅपटॉपवर उघडली. मोठी केली, अजून मोठी केली. आकडा जाडा नव्हता. कडा धुरकट नव्हत्या. मागचा रंगही कुठं फिरला नव्हता. त्यानं शिकवलेली एकूण एक चूक हौसरावांनी टाळली होती.