सहावी खुर्ची

जुनं सामान विकायच्या तीन साइट धुंडाळून दिगंबररावांनी चौथी निवडली. तिथं फोन नुसता लाकडावरून फिरवला, की लाकूड स्वतःचा खराखुरा वापर सांगायचं आणि त्यावरूनच जाहिरात तयार व्हायची. गिऱ्हाईक डोळे मिटून विकत घ्यायचं.

त्यांनी जेवणाच्या टेबलावरून, खुर्च्यांवरून फोन फिरवला. जाहिरात उमटली : ‘वापर एकवीस वर्षं. पाच खुर्च्या झिजलेल्या. सहावी कोरी, तिच्यावर एकदाही कुणी बसलेलं नाही.’

“धादांत खोटं!” ते भडकले. घरात माणसं सहा. आई, अण्णा, दोन्ही मुलं, ते स्वतः... मोजता मोजता बोट हवेतच राहिलं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“कुमुद, तू जेवतेस कुठे गं?”

“ओट्याशी, उभ्यानं,” तव्यावरची पोळी उलटत बायको म्हणाली. “तुम्हाला पोळ्या गरमच लागतात ना!”