नसलेलं दार

शहराचे मुख्य आर्किटेक्ट असताना त्यांनी स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक निवास बांधला होता. बाहेर पडायच्या दारावर त्यांनी पुस्तकांच्या कपाटाचं असं हुबेहूब चित्र काढून घेतलं होतं, की पाहणाऱ्याने फसावंच. "दार दिसलं की माणूस घरी जायचा हट्ट धरतो," तेव्हा ते बायकोला कौतुकाने म्हणाले होते. "दिसलंच नाही, तर जिवाला घोर नाही."

आज ती त्यांना भेटायला तिथेच आली, तेव्हा ते भिंतीवर टिचक्या मारत फिरत होते. डोक्यातून सगळं गेलं होतं, बोटांना मात्र काम आठवत होतं.

"कुणी बांधलंय गं हे?" ते करवादले. "उजेड झकास, वारा झकास, आणि गाढवाने दारच ठेवलं नाही!"

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

निघायची वेळ झाली. राहणाऱ्यांची पाठ दाराकडे असतानाच ते उघडायचं, हा इथला नियमही त्यांनीच सुचवलेला. तिने त्यांना खिडकीतून बाग बघायला लावली, पदराने डोळे टिपले आणि चित्रातल्या पुस्तकांमध्ये लपलेल्या कडीवर हात ठेवला.

"रडू नकोस," खिडकीकडे तोंड करूनच ते हळूच म्हणाले. "माझ्यापायी तूही अडकलीस ना इथे? थांब, भिंत फोडून कुठेतरी दार काढतो. आधी तुला बाहेर काढतो."